राजवायूचा कंस : इलेक्ट्रॉन संरूपण थोडक्यात कसं लिहायचं?



दहावीपर्यंत तुम्ही पोटॅशियमचं इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, ८, १ असं लिहीत आलात. अकरावी सायन्सला गेल्यावर अणुरचनेच्या पाठात त्याच पोटॅशियमपुढे चौकटी कंस दिसतो, कंसात आर्गॉनचं चिन्ह दिसतं आणि बाहेर ४एस. आर्गॉन हा वायू पोटॅशियमच्या अणूत कुठून आला, असा प्रश्न पडतो. वर्गात विचारायचं धाडस होत नाही. पुस्तक इंग्रजीत असतं. मग मूल पाठांतराच्या मागे लागतं आणि "आम्ही मराठी मीडियमचे, आम्हाला हे जमणार नाही" असं मनाशी धरून बसतं.

आपल्या बीड जिल्ह्यात तर दिवाळीच्या आसपास कितीतरी मुलांचे आई-वडील ऊसतोडीला कारखान्यावर जातात. घरी विचारायला कोणी नाही, क्लास लावायला पैसे नाहीत. अशा मुलामुलींना एकट्याने बसून वाचता यावं, म्हणून हा पाठ सविस्तर लिहिला आहे. दहावीचे विद्यार्थीही तो वाचू शकतात. वही-पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक उदाहरण स्वतः लिहून बघा.

१. आधी दहावीपर्यंतचं आठवू

अणूच्या केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन कवचांमध्ये असतात. कवचांची नावं के, एल, एम, एन. त्यांनाच क्रमांक १, २, ३, ४. उदासीन अणूत जितके प्रोटॉन तितकेच इलेक्ट्रॉन, आणि हीच संख्या म्हणजे अणुअंक. सोडियमचा अणुअंक ११, म्हणून संरूपण २, ८, १.

आता यात एक पायरी वाढवायची. प्रत्येक कवचाच्या आत लहान कप्पे असतात, त्यांना उपकवचं म्हणतात. त्यांची नावं एस, पी, डी आणि एफ. कोणत्या उपकवचात जास्तीत जास्त किती इलेक्ट्रॉन मावतात ते पाठच करून टाका :

एस मध्ये २
पी मध्ये ६
डी मध्ये १०
एफ मध्ये १४

पहिल्या कवचात फक्त १एस असतं. दुसऱ्यात २एस आणि २पी. तिसऱ्यात ३एस, ३पी, ३डी. चौथ्यात ४एस, ४पी, ४डी, ४एफ.

लिहायची पद्धत अशी : आधी कवचाचा क्रमांक, मग उपकवचाचं अक्षर, आणि अक्षराच्या उजव्या बाजूला वर, बारीक आकड्यात, त्यात किती इलेक्ट्रॉन आहेत ती संख्या. इथे टाइप करताना आकडा वर लिहिता येत नाही म्हणून तो मी कंसात लिहितो आहे. वहीत तुम्ही वरच लिहा, आणि एस, पी, डी, एफ ही अक्षरं इंग्रजी स्मॉल लिपीत काढा.

म्हणजे सोडियम : १एस(२) २एस(२) २पी(६) ३एस(१). बेरीज करा. २ + २ + ६ + १ = ११. बरोबर आलं.

२. भरण्याचा क्रम

इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेच्या उपकवचात आधी जातात. क्रम असा :

१एस, २एस, २पी, ३एस, ३पी, ४एस, ३डी, ४पी, ५एस, ४डी, ५पी, ६एस, ४एफ, ५डी, ६पी, ७एस, ५एफ, ६डी, ७पी

इथे बऱ्याच जणांना प्रश्न पडतो की ३डी च्या आधी ४एस कसं काय? त्यासाठी एक सोपा हिशोब आहे. एस ला ०, पी ला १, डी ला २, एफ ला ३ असे गुण द्या आणि कवचाच्या क्रमांकात ते मिळवा. ४एस चे झाले ४ + ० = ४. ३डी चे झाले ३ + २ = ५. बेरीज ज्याची कमी ते आधी भरतं, म्हणून ४एस आधी. बेरीज सारखी आली तर ज्याच्या कवचाचा क्रमांक लहान ते आधी. उदाहरणार्थ ३डी ची बेरीज ५ आणि ४पी चीही ५. पण ३ लहान, म्हणून ३डी आधी. वरचा क्रम विसरलात तरी या हिशोबाने तो पुन्हा तयार करता येतो.

आता लोखंड घ्या. अणुअंक २६.

१एस(२) २एस(२) २पी(६) ३एस(२) ३पी(६) ४एस(२) ३डी(६)

ठीक आहे, एका ओळीत बसलं. पण ट्रॅक्टरच्या बॅटरीत असणाऱ्या शिशाचा अणुअंक ८२. ते लिहायचं तर :

१एस(२) २एस(२) २पी(६) ३एस(२) ३पी(६) ४एस(२) ३डी(१०) ४पी(६) ५एस(२) ४डी(१०) ५पी(६) ६एस(२) ४एफ(१४) ५डी(१०) ६पी(२)

पंधरा पदं झाली. यात एक पद चुकलं की सगळं चुकलं. यावर उपाय म्हणजे राजवायूचा कंस.

३. राजवायूच का निवडले?

आवर्तसारणीच्या अगदी उजव्या टोकाला, १८ व्या गणात, जे वायू आहेत ते राजवायू. त्यांची बाहेरची कवचं भरलेली असतात, हेलियमचं द्विक आणि बाकीच्यांचं अष्टक पूर्ण. त्यामुळे ते सहसा कोणाशी रासायनिक संयोग करत नाहीत. त्यांचे अणुअंक असे :

हेलियम २
निऑन १०
आर्गॉन १८
क्रिप्टॉन ३६
झेनॉन ५४
रेडॉन ८६

हे सहा आकडे या पाठाची किल्ली आहेत. पाठ करायला जड जात असेल तर फरक लक्षात ठेवा : २ मध्ये ८ मिळवा, पुन्हा ८, मग १८, पुन्हा १८, मग ३२.

हे वायू कोणाशी संयोग करत नाहीत म्हणून ते खूप उशिरा सापडले. मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये आवर्तसारणी मांडली तेव्हा तिच्यात राजवायूंसाठी रकानाच नव्हता. संयुगंच तयार होत नसतील तर प्रयोगशाळेत त्यांचा पत्ता लागणार कसा?

पहिला माग लागला तो सूर्यावर, आणि त्यात आपल्या देशाचा संबंध आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं आणि ते भारतातून दिसलं. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूर इथून सूर्याच्या कडेच्या ज्वालांच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून नॉर्मन लॉकियर यांनी, ग्रहण नसताना, तशाच ज्वाला तपासल्या. वर्णपटातली एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांजवळ होती, पण त्यांच्याशी जुळत नव्हती. ती नव्या मूलद्रव्याची ठरली आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून, हेलिओसवरून, त्याला हेलियम म्हटलं गेलं. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर या ग्रहणाच्या निरीक्षणाची आठवण म्हणून 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. लॉकियर स्वतः विजयदुर्गला होते असं अनेक ठिकाणी लिहिलेलं आढळतं. पण त्यांचं निरीक्षण इंग्लंडमधलं आहे, एवढं सामान्यज्ञानाच्या परीक्षेसाठी लक्षात ठेवा.

पृथ्वीवर हेलियम मिळाला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅमसे यांना, युरेनियम असलेल्या एका खनिजातून. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९४ मध्ये, रॅमसे आणि लॉर्ड रॅले यांनी हवेतून आर्गॉन वेगळा केला होता. आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे ०.९३ टक्के आर्गॉन असतो. तो आत जातो आणि तसाच बाहेर येतो. आर्गॉन या ग्रीक नावाचा अर्थच मुळी आळशी! १८९८ मध्ये रॅमसे आणि ट्रॅव्हर्स यांनी निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन शोधले. नावांचे अर्थ अनुक्रमे नवा, लपलेला आणि परका.

आता मुद्द्यावर येऊ. जी रचना स्वतः पूर्ण भरलेली आहे, जिच्यात रासायनिक बदल सहसा होत नाही, ती एकदाच नाव देऊन बाजूला ठेवता येते. पोटॅशियमच्या १९ इलेक्ट्रॉनांपैकी पहिल्या १८ ची मांडणी हुबेहूब आर्गॉनसारखी असते. म्हणून ते १८ लिहीत बसण्याऐवजी कंसात [आर्गॉन] लिहायचं आणि पुढचा एक इलेक्ट्रॉन बाहेर लिहायचा : [आर्गॉन] ४एस(१).

लक्षात घ्या, पोटॅशियममध्ये आर्गॉन वायू नसतो. कंसाचा अर्थ एवढाच की "इथपर्यंतची मांडणी आर्गॉनसारखी".

४. एसटी स्टँडचं उदाहरण

समजा बीडमध्ये कोणी तुम्हाला अंबाजोगाईच्या पुढच्या एखाद्या गावाचा रस्ता विचारला. तुम्ही "आधी मांजरसुंबा लागेल, मग नेकनूर, मग केज..." असं सगळं सांगत बसत नाही. तुम्ही म्हणता, "अंबाजोगाई स्टँडला उतरा, तिथून पुढे तीन किलोमीटर." स्टँडपर्यंतचा रस्ता सगळ्यांना माहीत असतो. सांगायचं असतं ते फक्त स्टँडच्या पुढचं.

आणि गाव केज आणि अंबाजोगाईच्या मध्ये असेल तर? तेव्हा तुम्ही म्हणाल, "केज सोडलं की पुढे." अंबाजोगाईला जाऊन परत मागे या, असं सांगणार नाही, आणि मांजरसुंब्यापासूनही मोजणार नाही. गावाच्या आधीचं, सगळ्यात जवळचं मोठं स्टँड सांगायचं.

राजवायूंचंही तसंच. ते सहा वायू म्हणजे आवर्तसारणीच्या रस्त्यावरची सहा मोठी स्टँडं. मूलद्रव्याच्या अगदी आधीचा राजवायू घ्यायचा आणि पुढचं लिहायचं.

५. चार पायऱ्या

पायरी १ : मूलद्रव्याचा अणुअंक लिहा.

पायरी २ : त्याहून लहान, पण सगळ्यात जवळचा राजवायू शोधा. त्याचं चिन्ह चौकटी कंसात लिहा.

पायरी ३ : अणुअंकातून राजवायूचा अणुअंक वजा करा. जितके उरले तितकेच इलेक्ट्रॉन कंसाबाहेर लिहायचे आहेत.

पायरी ४ : उरलेले इलेक्ट्रॉन क्रमाने भरा. कोणत्या कंसानंतर काय येतं ते असं :

[हेलियम] नंतर २एस, २पी
[निऑन] नंतर ३एस, ३पी
[आर्गॉन] नंतर ४एस, ३डी, ४पी
[क्रिप्टॉन] नंतर ५एस, ४डी, ५पी
[झेनॉन] नंतर ६एस, ४एफ, ५डी, ६पी
[रेडॉन] नंतर ७एस, ५एफ, ६डी, ७पी

एक खूण सांगतो. मूलद्रव्य ज्या आवर्तात आहे, कंसानंतरचा एस त्याच क्रमांकाचा असतो. चौथ्या आवर्तातलं मूलद्रव्य असेल तर ४एस पासूनच सुरुवात. आणि राजवायू कोणता? वरच्या आवर्ताच्या शेवटी जो आहे तो.

६. सोडवलेली उदाहरणं

क्लोरीन, अणुअंक १७. आधीचा राजवायू निऑन, १०. उरले ७. ३एस मध्ये २, ३पी मध्ये ५.
उत्तर : [निऑन] ३एस(२) ३पी(५)

कॅल्शियम, अणुअंक २०. आधीचा राजवायू आर्गॉन, १८. उरले २.
उत्तर : [आर्गॉन] ४एस(२)

लोखंड, अणुअंक २६. आर्गॉन १८. उरले ८. ४एस मध्ये २, मग ३डी मध्ये ६.
उत्तर : [आर्गॉन] ४एस(२) ३डी(६)

आयोडीन, अणुअंक ५३. आधीचा राजवायू क्रिप्टॉन, ३६. उरले १७. ५एस मध्ये २, ४डी मध्ये १०, ५पी मध्ये ५.
उत्तर : [क्रिप्टॉन] ५एस(२) ४डी(१०) ५पी(५)

शिसं, अणुअंक ८२. झेनॉन ५४. उरले २८. ६एस मध्ये २, ४एफ मध्ये १४, ५डी मध्ये १०, ६पी मध्ये २.
उत्तर : [झेनॉन] ६एस(२) ४एफ(१४) ५डी(१०) ६पी(२)

बघा, शिशाची पंधरा पदं पाचवर आली.

काही पुस्तकांत लोखंड [आर्गॉन] ३डी(६) ४एस(२) असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे कवचाच्या क्रमाने, लहान आकडा आधी. दोन्ही बरोबर आहेत. एका पेपरात मात्र एकच पद्धत ठेवा.

७. मुलं नेहमी कुठे चुकतात?

पहिली चूक : पुढचा राजवायू घेणं. क्लोरीन १७, आर्गॉन १८; एकाचाच फरक म्हणून काही मुलं [आर्गॉन] लिहितात. पण कंसातले १८ इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे नाहीतच. राजवायू नेहमी आधीचा घ्यायचा.

दुसरी चूक : फार मागचा राजवायू घेणं. कॅल्शियम [निऑन] ३एस(२) ३पी(६) ४एस(२) असं लिहिलं तर बेरीज चुकत नाही, पण प्रश्न थोडक्यात लिहा असा असेल तर उत्तर अपुरं ठरतं. सर्वांत जवळचं स्टँड सांगा.

तिसरी चूक : डी विसरणं. लोखंडासाठी [आर्गॉन] ४एस(२) ४पी(६) असं लिहिलेलं खूपदा दिसतं. ४एस नंतर लगेच ४पी नाही, मध्ये ३डी आहे. आर्गॉननंतरची यादी चार-तीन-चार अशी म्हणून बघा, जिभेवर बसेल.

चौथी चूक : राजवायूसाठी त्याचाच कंस. आर्गॉनचं संरूपण विचारलं तर [आर्गॉन] लिहून काय सांगितलं? तिथे आधीचा राजवायू घ्यायचा : [निऑन] ३एस(२) ३पी(६). हायड्रोजन आणि हेलियमच्या आधी राजवायूच नाही, म्हणून ते सरळ १एस(१) आणि १एस(२).

पाचवी चूक : कंसाबाहेरचे सगळेच संयुजा इलेक्ट्रॉन समजणं. सोडियम, कॅल्शियम, क्लोरीन यांच्यात ते चालतं. पण ब्रोमीन बघा, अणुअंक ३५ : [आर्गॉन] ४एस(२) ३डी(१०) ४पी(५). बाहेर १७ इलेक्ट्रॉन दिसतात, पण ३डी पूर्ण भरलेलं आहे आणि ते आतल्या कवचाचं आहे. संयुजा इलेक्ट्रॉन ४एस आणि ४पी चे मिळून ७. म्हणूनच ब्रोमीन क्लोरीनच्याच गणात बसतं.

८. दोन अपवाद

क्रोमियम, अणुअंक २४. नियमाने [आर्गॉन] ४एस(२) ३डी(४) यायला हवं. प्रत्यक्षात आहे [आर्गॉन] ४एस(१) ३डी(५).

तांबं, अणुअंक २९. नियमाने [आर्गॉन] ४एस(२) ३डी(९). प्रत्यक्षात आहे [आर्गॉन] ४एस(१) ३डी(१०).

बरोबर अर्धं भरलेलं डी, म्हणजे ५, किंवा पूर्ण भरलेलं, म्हणजे १०, जास्त स्थिर असतं. म्हणून ४एस मधला एक इलेक्ट्रॉन ३डी मध्ये गेलेला दिसतो. खालच्या आवर्तांत असे आणखी अपवाद आहेत, पण हे दोन परीक्षेत हमखास विचारतात. हे नीट लक्षात ठेवा.

९. आयन झाला की काय लिहायचं?

सोडियम [निऑन] ३एस(१). त्याने कंसाबाहेरचा एकुलता एक इलेक्ट्रॉन देऊन टाकला की उरलं फक्त [निऑन]. क्लोरीन [निऑन] ३एस(२) ३पी(५). त्याने तो एक इलेक्ट्रॉन घेतला की ३पी पूर्ण झालं आणि मांडणी झाली [आर्गॉन]. घरातल्या मिठात सोडियम आणि क्लोरीन असे दोघेही राजवायूच्या मांडणीला पोहोचून शांत बसलेले असतात. दहावीत "अष्टक पूर्ण होतं" म्हणतात ते हेच, फक्त इथे ते डोळ्यांना दिसतं.

लोखंड, तांबं, जस्त अशा संक्रामक गटातल्या धातूंमध्ये एक काळजी घ्या. भरताना ४एस आधी भरतं, पण इलेक्ट्रॉन काढतानाही ४एस मधलेच आधी जातात. ते बाहेरच्या कवचात आहेत, म्हणून. त्यामुळे दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड [आर्गॉन] ३डी(६) आणि तीन गमावलेलं [आर्गॉन] ३डी(५). बरेच विद्यार्थी ३डी मधून काढतात आणि तिथे मार्क जातो.

१०. मग याचा उपयोग काय? आपल्या शेतात बघा

कंस हा फक्त शाई वाचवायचा उपाय असता तर एवढा मोठा पाठ लिहिला नसता. कंस अणूचे दोन भाग करतो. आत जे आहे ते शांत, बाहेर जे आहे ते कामाचं. बाहेरचा भाग बघून पदार्थाबद्दल बरंच सांगता येतं.

कृषी सेवा केंद्रात मिळणारे तीन पदार्थ घ्या. उसावर केवडा पडला, पानं पिवळी-पांढरी दिसू लागली, की शेतकरी हिराकस फवारतात. चुनखडीच्या जमिनीत लोह असलं तरी ते न विरघळणाऱ्या रूपात असतं, पिकाला मिळत नाही. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. बुरशीसाठी बोर्डो मिश्रण करतात, त्यात चुन्याबरोबर मोरचूद लागतो. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. आणि जस्ताची कमतरता असेल तर झिंक सल्फेट देतात.

तिन्ही सल्फेटच. पण रंग? हिराकस फिकट हिरवा, मोरचूद गडद निळा आणि झिंक सल्फेट पांढरं. आता तिन्ही धातूंचे आयन कंसात लिहा :

हिराकसातलं लोह : [आर्गॉन] ३डी(६)
मोरचुदातलं तांबं : [आर्गॉन] ३डी(९)
झिंक सल्फेटमधलं जस्त : [आर्गॉन] ३डी(१०)

लोह आणि तांब्याचं ३डी अर्धवट भरलेलं आहे. डी मध्ये जागा शिल्लक असली की तिथले इलेक्ट्रॉन प्रकाशातला काही भाग शोषून एका पातळीवरून दुसरीवर जाऊ शकतात, आणि उरलेल्या प्रकाशाचा रंग आपल्याला दिसतो. जस्ताचं ३डी गच्च भरलेलं, हलायला जागाच नाही, म्हणून रंग नाही. मीठ आणि चुना पांढरे का, याचंही उत्तर इथेच आहे : सोडियम आयन नुसता [निऑन], कॅल्शियम आयन नुसता [आर्गॉन], दोघांच्या कंसाबाहेर काहीच नाही.

हिराकसाची पिशवी उघडी राहिली की तो हळूहळू पिवळट-तांबूस पडतो, हेही तुम्ही पाहिलं असेल. हवेतल्या ऑक्सिजनमुळे लोहाचा आणखी एक इलेक्ट्रॉन जातो आणि ३डी(६) चं ३डी(५) होतं. सहावीपासून पुढे शाळेत आठवड्याला मिळते ना, ती लोहाची निळी गोळी? तिच्यातही फेरस सल्फेटच असतं, म्हणजे ३डी(६) चं लोह. (गोळीचा निळा रंग मात्र वरच्या आवरणाचा, लोहाचा नाही!)

एक सावधगिरी बाळगा. रंगाची सगळीच कारणं कंसाबाहेर सापडत नाहीत. मोरचूद तापवला की त्यातलं पाणी निघून जातं आणि तो पांढरा पडतो. म्हणजे तांब्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंचाही रंगात वाटा आहे. पोटॅशियम परमँगनेटमधल्या मँगनीजच्या ३डी मध्ये तर एकही इलेक्ट्रॉन उरलेला नसतो, तरी रंग गडद जांभळा असतो. तिथे कारण वेगळं आहे, ते पुढे बारावीत येईल. पण सुरुवात करायला कंस चांगला आधार देतो.

११. उलटा प्रश्न

परीक्षेत कधी संरूपण देऊन मूलद्रव्य विचारतात. [क्रिप्टॉन] ५एस(२) दिलं तर ३६ + २ = ३८, म्हणजे स्ट्रॉन्शियम. सगळ्यात मोठा कवच क्रमांक ५, म्हणून पाचवं आवर्त. शेवटी एस मध्ये २, म्हणून दुसरा गण. कॅल्शियमसारखेच गुणधर्म असणार, हेही लगेच कळलं. पी खंडातल्या मूलद्रव्याचा गण काढायला एस आणि पी मधल्या इलेक्ट्रॉनांच्या बेरजेत १० मिळवा. क्लोरीन : २ + ५ + १० = १७ वा गण.

सराव

अ) थोडक्यात संरूपण लिहा : मॅग्नेशियम (१२), फॉस्फरस (१५), निकेल (२८), बेरियम (५६).

आ) मूलद्रव्य ओळखा : [निऑन] ३एस(२) ३पी(२), [आर्गॉन] ४एस(२) ३डी(५), [क्रिप्टॉन] ५एस(१).

इ) आयनांचं संरूपण लिहा : दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं मॅग्नेशियम, दोन इलेक्ट्रॉन मिळवलेलं सल्फर (१६), दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं निकेल.

आधी वहीत सोडवा, मगच खाली बघा.

उत्तरं

अ) मॅग्नेशियम [निऑन] ३एस(२), फॉस्फरस [निऑन] ३एस(२) ३पी(३), निकेल [आर्गॉन] ४एस(२) ३डी(८), बेरियम [झेनॉन] ६एस(२).

आ) सिलिकॉन (१४), मँगनीज (२५), रुबिडियम (३७).

इ) [निऑन], [आर्गॉन], [आर्गॉन] ३डी(८).

निकेलचं शेवटचं उत्तर तुमचं [आर्गॉन] ४एस(२) ३डी(६) आलं असेल तर नववा मुद्दा पुन्हा वाचा. बाकी सगळं बरोबर आलं असेल तर इंग्रजी पुस्तकातला तोच पाठ आता उघडा. चिन्हं तीच आहेत, आकडे तेच आहेत. इंग्रजी वाक्य अडलं तरी कंस तुम्हाला वाचता येईल, आणि कंस वाचता आला की वाक्याचा अर्थ लावायला फार वेळ लागत नाही.